एक मिनिट बेचाळीस सेकंद

गाणं तेवढंच आहे.
तीन कॉर्ड, त्यातली एक चुकीची,
आणि ड्रमवर मर्ल,
मागे कुत्रं लागल्यासारखा कायम दोन मात्रा पुढे.
बेस मी वाजवायचे. वाजवायचे म्हणजे
धरून उभी राहायचे, बोटं गोठलेली असायची.

मिलवॉकी, ब्याऐंशीचा हिवाळा.
खाली बंद पडलेलं सलून, वर आम्ही:
अडीच खोल्या, अकरा जण,
भाडं देणारे चार. त्यातल्या एकाला तर
आम्ही कधी पाहिलंच नाही,
पाकीट तेवढं यायचं दाराखालून.

सगळं गाण्यात आहे.
फ्रिजवर रोंडाची चिठ्ठी: अंडी मोजलेली आहेत.
खाली दुसरं अक्षर: मोजूनच खाल्ली.
गोठलेल्या नळाला हेअर ड्रायरने
पाळीपाळीने शेक देणारे आम्ही,
जशी काही घरात बाळंतीण.
एका गादीवर चौघं,
कूस बदलायची तर ठराव मांडून.
कोरड्या मोज्यांचा एकच जोड,
ज्याची मुलाखत त्याच्या पायात.
आणि बाथटबमध्ये झोपलेला गॅस्केट,
त्याच्यावरून हात लांबवून
रोज सकाळी दात घासणारे सगळे.

ध्रुवपद लिहावंच लागलं नाही.
दारावर थाप पडली की एका दमात ओरडायचो तेच:
जागा आहे! जागा आहे!

नव्हती.
पण घरच्यांनी हाकललेलं पोर
जिन्यात पिशवी घेऊन उभं असताना
चौरस फूट कोण मोजत बसतं?

गाण्यात नाही ते हे.

फेब्रुवारीतला रविवार. थाप.
जागा आहे!
दारात एक बाई, चर्चला घालायचा कोट,
भुवयांवर बर्फ,
काखेत नवीकोरी स्लीपिंग बॅग, किमतीची चिठ्ठी लोंबणारी.
जेरोम झिएलिन्स्की इथे राहतो का?
नाही, आम्ही म्हणालो. खरंच सांगत होतो.
नावं आम्ही खालीच ठेवून यायचो,
बर्फाने भरलेल्या बुटांसारखी.

डाव्या कानाची पाळी फाटलीय त्याची, ती म्हणाली,
लहानपणी, कुंपणाच्या खिळ्यात अडकून.
मग जरा थांबून:
झोपेत आकडे म्हणतो.

सहा, नऊ, चौदा, चाळीस.
आमचं अख्खं घर त्या आकड्यांवर झोपायचं.

कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
न्हाणीघराचा पडदा हलला,
किंवा नसेल हलला.
नाही, रोंडा म्हणाली.
थोडा वेळ आत बसू का? पाय अगदी...
आणि मर्ल,
ज्याने भटक्या मांजरालाही कधी नाही म्हटलं नव्हतं,
तो म्हणाला, जागा नाही.

तिने स्लीपिंग बॅग उंबऱ्यावर ठेवली.
ज्याला लागेल त्याला द्या, म्हणाली,
आणि कठडा धरून उतरत गेली,
एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत,
ओठ हलत होते.
मोजत होती.

त्या रात्री गॅस्केट टबात, त्या बॅगेत शिरला.
आकडे म्हणाला नाही.
आम्ही सगळे जागे.
मार्चमध्ये तो निघून गेला तेव्हा
टबात बॅग नीट गुंडाळलेली होती,
किमतीची चिठ्ठी तशीच.

मी एक कडवं लिहिलं होतं. चालीत बसेना.
मर्ल म्हणाला, इथे गाणं हळू होतंय, काढ.
काढलं.

आता मी प्लंबर आहे. स्वतःचा ट्रक आहे,
गोठलेले पाइप म्हणजे डाव्या हातचा मळ.
कुठल्याही घरी जाते, खोकं खाली ठेवते,
आणि बाथटबचा पडदा सरकवायच्या आधी
खाकरते.